नाशिक महापालिकेचे पर्यावरणविषयक प्रस्ताव आणि आपण: नागरिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झालेल्या कामाबद्दल बोलणारे नाशिककर पुष्कळ आहेत. काम ठरत असताना बोलणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. कॉलनीच्या बैठकीत, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, जॉगिंग ट्रॅकवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. उत्तरे देताना कायदा जिथे आहे तिथे कायदा सांगितला आहे आणि जिथे माझे मत आहे तिथे मत.

शाश्वत विकासाचे प्रस्ताव म्हणजे नक्की कोणती कामे?

नाव भारदस्त असले तरी कामे आपल्याच गल्लीतली असतात. पावसाळी गटाराची आखणी, ओपन स्पेसमध्ये काय करायचे, घंटागाडीची वेळ, सांडपाणी केंद्राची क्षमता, सिटीलिंक या शहर बससेवेचा थांबा, पदपथाची रुंदी, रस्ता रुंदीकरणात जाणारी झाडे, महापालिका शाळेच्या गच्चीवरचे सौर पॅनेल, नाल्याकाठची संरक्षक भिंत. काही कामांना केंद्राचा पैसा येतो, जसे २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहे. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार शहरांचे मूल्यमापन होते. पैसा कुठूनही येवो, तो कोणत्या चौकात आणि कोणत्या नाल्यावर खर्च व्हायचा हे बऱ्याच अंशी राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात ठरते.

सूचना द्यायची योग्य वेळ कोणती?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे लांब देतो.

महापालिकेचे कोणतेही काम पायरीपायरीने पुढे सरकते. आधी कोणीतरी मागणी करतो, मग कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, मग प्राकलन म्हणजे इस्टिमेट तयार होते. त्यानंतर रकमेनुसार आयुक्त, स्थायी समिती किंवा महासभा मान्यता देते, निविदा निघते आणि शेवटी ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. नागरिकांना काम कळते ते जेसीबी आल्यावर. तेव्हा विरोध केला तर काम थांबू शकते, पण बदलणे जवळजवळ अशक्य असते. पदपथ एक फूट अरुंद करून झाडाभोवती आळे सोडायचे असेल, तर ते प्राकलनाच्या कागदावर पाच मिनिटांत होते. कार्यादेशानंतर त्यासाठी सुधारित मान्यता लागते आणि कोणताही अधिकारी ती डोकेदुखी आनंदाने पत्करत नाही.

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक सादर करतात ते साधारण फेब्रुवारीत. त्याआधी खातेप्रमुखांकडून मागण्या गोळा होतात. म्हणून पुढच्या वर्षी काम हवे असेल तर दिवाळीच्या आसपास अर्ज विभागीय कार्यालयात पोचलेला असावा. पावसाळ्यात पाणी तुंबले की लगेच फोटो काढून ठेवा, तारीख लिहा. ऑक्टोबरमध्ये कोरड्या रस्त्यावर उभे राहून ‘इथे गुडघाभर पाणी असते’ हे पटवणे अवघड जाते.

अर्ज कुठे द्यायचा? मुख्यालयात की विभागीय कार्यालयात?

नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. मूळ अर्ज आपल्या विभागीय अधिकाऱ्यांना द्या आणि एक प्रत संबंधित खात्याला द्या. झाडे आणि बागा असतील तर उद्यान विभाग, कचरा असेल तर घनकचरा व्यवस्थापन, आरक्षणे असतील तर नगररचना. आवक शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘एनएमसी ई-कनेक्ट’ ॲप बंद दिवा, न उचललेला कचरा अशा तक्रारींसाठी उपयोगी आहे. नव्या कामाच्या प्रस्तावासाठी कागदच बरा, कारण फाइल कागदाची बनते.

चांगली सूचना कशी लिहायची?

‘परिसर स्वच्छ व हरित करावा’ असे लिहिले तर त्यावर अधिकाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. जागा, अडचण, उपाय आणि देखभाल या चार गोष्टी एका पानात याव्यात. नमुना असा:

“विषय: कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये पावसाचे पाणी मुरवण्याची सोय, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात समावेश होण्याबाबत.

महोदय, आमच्या ओपन स्पेसच्या ईशान्य कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी साचते व तेथून समोरच्या तीन इमारतींच्या तळमजल्यात शिरते. जुलै महिन्यातील फोटो सोबत जोडले आहेत. या जागेत पेव्हर ब्लॉक बसवण्याचे प्रस्तावित असल्याचे समजते. त्याऐवजी कडेने मातीचा चालण्याचा मार्ग ठेवावा, सखल कोपऱ्यात शोषखड्डा घ्यावा व उतार त्या बाजूस द्यावा, ही विनंती. शोषखड्ड्यावरील जाळी साफ ठेवण्याची जबाबदारी रहिवासी घेतील. स्थळपाहणीची तारीख कळवल्यास आम्ही उपस्थित राहू.”

शेवटची दोन वाक्ये विसरू नका. अधिकाऱ्यांना मागण्या रोज येतात, पण देखभालीत वाटा उचलणारे आणि पाहणीला हजर राहणारे लोक क्वचित भेटतात. सह्या वीस-पंचवीस असल्या तरी पुरे, मात्र प्रत्येक सहीपुढे पत्ता असावा. दोनशे सह्यांच्या गठ्ठ्यात अर्ध्या दुसऱ्या प्रभागातल्या निघाल्या तर उरलेल्यांचीही किंमत जाते.

प्रभाग समितीत सामान्य नागरिकाला जागा आहे का?

आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार त्या क्षेत्रातले नगरसेवक समितीत असतातच, शिवाय तिथे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी व लोकाधारित संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नगरसेवक नेमू शकतात. आपल्या विभागात या जागा भरल्या आहेत का, भरल्या असतील तर कोणाकडून, हे पहिल्या पत्रात विचारा. माझ्या मते तीन जागा नीट वापरल्या तरी पुष्कळ फरक पडेल: एक कचऱ्यावर काम करणारी व्यक्ती, एक पाण्यावर आणि एक वस्तीतली महिला बचत गटाची कार्यकर्ती.

आणि क्षेत्र सभा?

ग्रामसभेचा शहरी अवतार म्हणून २००९ मध्ये हीच तरतूद महापालिका कायद्यात आली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र बसून कामे सुचवतील, त्यांचा प्राधान्यक्रम लावतील आणि नगरसेवक ती सभा बोलावतील, अशी कल्पना. राज्यातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. कायद्यात मुद्दा आहे, तेव्हा मागण्यात संकोच कसला? नगरसेवकांना लेखी विनंती करा. सभा झाली नाही तरी कॉलनीने स्वतःची बैठक घेऊन तिचे इतिवृत्त अर्जासोबत जोडावे. इतिवृत्त जोडलेला अर्ज एका माणसाची हौस म्हणून बाजूला सारता येत नाही.

नगरसेवकांकडे जावे की अधिकाऱ्यांकडे?

दोघांकडे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे शहरात प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. ३१ प्रभागांत १२२ सदस्य आहेत, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. आपल्या ओळखीच्या एकालाच भेटून थांबू नका, चारही जणांना एकच पत्र द्या. सही कोणाची यावरून काम अडायला नको.

झाड तोडण्याची नोटीस खोडावर चिकटवलेली दिसली. आता काय?

वेळ दवडू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्याच्या परवानगीआधी जाहीर नोटीस द्यावी लागते. ती वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावली जाते. हरकतीची मुदत नोटिशीत असते आणि ती फार थोडी, बहुधा सात दिवसांची. हरकत उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची.

‘झाडे तोडू नका’ एवढेच लिहिलेल्या हरकतीला ‘नोंद घेतली’ इतकेच उत्तर मिळते. झाडाचा प्रकार, अंदाजे घेर, ते आखणीत खरोखर आडवे येते का, रस्ता कोणत्या बाजूने सरकवता येईल, हे लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आहे. त्यामुळे वयाचा अंदाज चुकीचा वाटला तर तो मुद्दा हरकतीत आवर्जून मांडा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनात सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, सतराशेहून अधिक झाडांची नोटीस निघाली तेव्हा शेकडो नाशिककरांनी हरकती दिल्या, सुनावणीला गर्दी झाली आणि प्रकरण हरित न्यायाधिकरण व न्यायालयापर्यंत गेले. त्यातली जिद्द मला मोलाची वाटते. तरी एक गोष्ट मनात राहते. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो हे सगळ्यांना ठाऊक असते. साधुग्रामाची जागा, तिथली झाडे आणि तंबूंची मांडणी यावर दोन वर्षे आधी नागरिक आणि महापालिका एका नकाशाभोवती बसले असते, तर झाडांमधून मांडणी कशी बसते हे शांतपणे पाहता आले असते.

सिंहस्थाची कामे घाईने चालली आहेत. त्यात आमचे कोण ऐकणार?

नाशिकमध्ये ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. घाई खरी आहे, पण घाईतल्या कामांचे परिणाम पुढची दोन तपे राहतात. २००२-०३ च्या तयारीत रामकुंड परिसरातल्या प्राचीन कुंडांचे तळ काँक्रिटखाली गेले. ते काढण्यासाठी नागरिकांना पुढे कितीतरी वर्षे अर्ज, याचिका आणि पाठपुरावा करावा लागला. आज घाटाचे किंवा रस्त्याचे काम दिसले तर नकाशा मागा आणि एक प्रश्न लेखी विचारा: मेळा संपल्यावर ही जागा कशासाठी वापरली जाईल? तंबू, शौचालये, दिवे, वाहनतळ यांपैकी काय काढून नेले जाणार आणि काय कायम राहणार, हे आताच नोंदवून घेतलेले बरे.

गोदावरीसाठी एका कॉलनीने सूचना देऊन काय होणार?

गोदावरी रामकुंडावर मैली होत नाही, ती आपल्या गल्लीत मैली होते. नंदिनी, वालदेवी, वाघाडी या उपनद्या वस्त्यांमधून वाहतात आणि त्यांत जोडलेली प्रत्येक सांडपाण्याची नळी शेवटी गोदेत जाते. आगरटाकळी, तपोवन, चेहेडी, पंचक इथे मलनिस्सारण केंद्रे आहेत, पण केंद्रापर्यंत न पोचलेल्या पाण्यावर केंद्र काहीच करू शकत नाही. आणि हे पाणी शहराच्या हद्दीवर थांबत नाही. ते निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला जाते, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. तिथल्या पाहुण्या पक्ष्यांचे कौतुक आपण करतो, त्यांच्या पाण्याचे पालकत्वही आपल्याकडेच आहे.

म्हणून कॉलनीची सूचना नेमकी असू शकते. आपल्या नाल्याच्या दोनशे मीटर पट्ट्यात चाला, सांडपाणी कुठून पडते ते नकाशावर खुणा करून दाखवा, आणि पावसाळी गटारात घुसलेल्या जोडण्या मुख्य मलवाहिनीला जोडण्याचे काम सुचवा. संरक्षक भिंतीचा प्रस्ताव असेल तर पूररेषा तपासा. २००८ च्या महापुरानंतर निळ्या आणि लाल रेषा आखल्या गेल्या. दुतोंड्या मारुतीपाशी पाणी किती चढले हे पाहून पूर मोजणाऱ्या शहराला नदीची जागा नदीला सोडण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. सराफ बाजारात पाणी शिरते तेव्हा खाली दडवलेला सरस्वती नालाच आपली वाट शोधत असतो.

आकडेवारी कुठून मिळवायची?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, आवाज, हरित क्षेत्र असे सगळे त्यात असते. तो मागवा, आपल्या विभागाची पाने वाचा आणि अर्जात त्यातलाच आकडा द्या. महापालिकेने स्वतः छापलेला आकडा महापालिकेला नाकारता येत नाही.

जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘प्राकलनाची प्रत द्यावी’ असे कागदाचे नाव घेऊन मागावे. ‘काम का झाले नाही’ असे विचारले तर उत्तर टाळायला जागा मिळते.

विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यायची?

शहराचा सध्याचा आराखडा २०१७ साली मंजूर झाला. प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जाहीर मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समिती त्यावर सुनावणी घेते. आराखडा मंजूर झाल्यावरही आरक्षणात फेरबदल होतात. कलम ३७ खाली तशी सूचना निघते आणि हरकतीसाठी एक महिना असतो. बागेचे किंवा मैदानाचे आरक्षण बहुधा अशाच एखाद्या छोट्या जाहिरातीत बदलते. कॉलनीत एका निवृत्त माणसाने रोज जाहीर नोटिसांचे पान वाचायचे ठरवले तरी पहारा पुरेसा होतो.

बैठकीला नेहमी तेच ते लोक येतात. बाकीच्यांचे काय?

ही खंत खरी आहे आणि तिचा दोष न येणाऱ्यांवर ढकलू नये.

रविवारी सकाळी दहाला क्लब हाउसमध्ये बैठक ठेवली तर कोण येणार? पेन्शनर, डॉक्टर, वकील, दोन-चार उत्साही तरुण. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर असणारा कामगार झोपलेला असतो. घरकाम करणाऱ्या बाईंची ती सर्वांत धावपळीची वेळ. भाजीवाला मालासाठी मार्केट यार्डात. म्हसरूळ-मखमलाबादकडचा शेतकरी द्राक्षाच्या बागेत. आणि पदपथ कुठे अरुंद आहे, नळाला पाणी किती वाजता येते, सिटीलिंक कुठे थांबायला हवी, हे यांच्याइतके कोणाला माहीत असते?

बैठक त्यांच्याकडे न्या. कामगार वस्तीत संध्याकाळी सातनंतर, बायकांशी बचत गटाच्या ठरलेल्या दिवशी, भाजीवाल्यांशी दुपारी गिऱ्हाईक नसताना. सिडको-सातपूरच्या कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते, तिथे अहिराणी बोलणारा माणूस सोबत असला की लोक मोकळे होतात. कागद भरून घेण्यापेक्षा गल्लीचा नकाशा जमिनीवर पसरा आणि अडचणीच्या जागी खडे ठेवायला सांगा. घंटागाडीवरच्या कर्मचाऱ्यांना तर नक्की बोलवा. नव्वदच्या दशकापासून या शहराने घंटागाडीचे कौतुक ऐकले आहे. कोणती इमारत कचरा वेगळा करते आणि कोणती नाही, हे तिच्यावरच्या माणसाला तोंडपाठ असते. त्याला आजवर क्वचितच कोणी बैठकीत खुर्ची दिली असेल.

सूचना देण्याऐवजी थेट विरोध करणे जास्त परिणामकारक नाही का?

कधीकधी तेच करावे लागते. मखमलाबाद-हनुमानवाडी भागात स्मार्ट सिटीची हरित क्षेत्र विकास योजना आली तेव्हा शेतकऱ्यांत मतभेद झाले, अनेकांनी ठाम विरोध केला आणि योजना पुढे गेली नाही. जमीन ज्याची जाते त्याला नाही म्हणण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण विरोधानंतर तिथे काय हवे हेही कोणीतरी मांडायला हवे. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून नागरिकांनी देशी झाडांची देवराई उभी केली. लोक स्वतः काम उचलतात तेव्हा प्रशासनाची दारेही उघडतात, याचा तो चांगला दाखला.

पुण्यासारखे नागरिकांचे अंदाजपत्रक नाशिकला होऊ शकते का?

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामे अर्ज भरून सुचवतात आणि निवडलेली कामे अंदाजपत्रकात येतात. तिथेही त्रुटी आहेत, तरी दरवर्षी ठरलेल्या दिवसांत अर्ज मागवले जातात ही सवय मला फार मोलाची वाटते. नाशिकला यासाठी नवा कायदा लागत नाही, महासभेचा ठराव पुरतो. प्रत्येक विभागासाठी ठरावीक रक्कम राखून ठेवावी, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावेत आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण विभागीय कार्यालयात लावावे, अशी माझी स्वतःची मागणी आहे. कारण कळले की माणूस पुढच्या वर्षी अधिक चांगला अर्ज घेऊन येतो.

लोकशाही दिनात प्रस्ताव मांडता येतो का?

तो दिवस वैयक्तिक तक्रारींसाठी आहे. धोरण किंवा नवे काम तिथे नेऊ नका.

आम्ही भाडेकरू आहोत, मतदार यादीत नाव गावाकडे आहे. आमची सूचना चालेल का?

सूचना देण्यासाठी मतदार असण्याची अट नाही. हरकतही कोणालाही घेता येते. फक्त क्षेत्र सभा मतदारांची असते. शाळकरी मुलांची निरीक्षणेही जोडा. शाळेच्या वाटेवर सावली कुठे आहे आणि कुठे नाही हे मुले अचूक सांगतात.

काम मंजूर झाले. आता आमचे काम संपले?

नाही, आता कागद जपायचे. कार्यादेशाची प्रत मिळवा आणि सुचवलेला बदल त्यात उतरला आहे का ते पाहा. कामाच्या जागी रक्कम, मुदत आणि ठेकेदाराचे नाव असलेला फलक मागा. खोदाई सुरू असताना आठवड्यातून एकदा दोघांनी जाऊन फोटो काढावेत. शोषखड्डा बुजवल्यावर आत खडी किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही. काम संपल्यावर दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते विचारून घ्या आणि तो संपण्याच्या दोन महिने आधी पुन्हा पाहणीचा अर्ज द्या. झाडे लावली असतील तर पहिल्या तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार त्यांची नावे आणि वार ठरवून एक यादी जिन्यात लावा आणि तिची प्रत उद्यान विभागालाही द्या.